अंगाच्या मापाची बास गिटार

गणेशोत्सवाचे दिवस आहेत. दूरच्या चौकात वाद्यवृंदाचा कार्यक्रम रंगला आहे आणि तुम्ही खिडक्या लावून अभ्यासाला बसला आहात. (निदान बसल्यासारखे दाखवत आहात!) गाण्याचे शब्द कळत नाहीत, बासरी ऐकू येत नाही, व्हायोलिनचा पत्ता नाही. भिंतीतून येत राहतो तो फक्त एक जाड, घुमणारा आवाज. त्यातला काही भाग ढोलाचा आणि ड्रमचा, हे खरे. पण नीट कान द्या. त्या घुमण्यात चढउतारही आहेत. म्हणजे त्यात स्वर आहेत. हे स्वर बहुधा बास गिटारचे असतात.

जास्त कंप्रतेचे, म्हणजे दर सेकंदाला जास्त कंपने होणारे ध्वनी भिंती आणि पडदे सहज अडवतात. कमी कंप्रतेचे ध्वनी मात्र भिंतीतूनही येतात आणि कोपऱ्यावरून वळूनही येतात. म्हणूनच कार्यक्रमाच्या ठिकाणी जे वाद्य कोणाच्या फारसे लक्षात येत नाही, तेच दोन गल्ल्या ओलांडून तुमच्यापर्यंत पोचते.

बास गिटार ही खर्जाची गिटार. तिला सामान्यतः चार तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिची कंप्रता ४१ हर्ट्‌झ. पुढच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्‌झच्या. माणसाच्या कानाची खालची मर्यादा २० हर्ट्‌झच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हे वाद्य किती खोलात काम करते ते कळेल.

दुकानात तयार बास गिटारी मिळतात, आणि बहुतेकांचे काम त्यांवर भागते. पण काही वादक तयार वाद्य न घेता कारागिराकडे जातात आणि स्वतःच्या हाताच्या, पाठीच्या आणि कानाच्या मापाचे वाद्य करून घेतात. तयार शर्ट आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला शर्ट यांत जो फरक, तोच येथे. आपल्याकडेही ही रीत नवी नाही. मिरजेला तंबोरा करायला टाकणाऱ्या गायकाला आपली पट्टी सांगावीच लागते, कारण पुरुषी आवाजाचा तंबोरा आणि बायकी आवाजाचा तंबोरा यांचे आकारच वेगळे. फरक इतकाच, की शिंप्याचा कपडा बिघडला तर उसवता येतो. लाकूड एकदा कापले की ते पुन्हा जोडून पूर्वीसारखे होत नाही. म्हणून करवत हाती घेण्यापूर्वी कारागिराला बराच हिशेब करावा लागतो. त्या हिशेबात तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातली निदान तीन प्रकरणे येतात.

सर्वांना एकच माप

बास गिटार येण्यापूर्वी खर्जाचे काम 'डबल बास' हे वाद्य करी. ते व्हायोलिनच्या घराण्यातले, पण माणसापेक्षाही उंच. ते उभ्याने वाजवायचे आणि गावोगाव न्यायचे, म्हणजे वादकाचे हाल. शिवाय पितळी वाद्ये आणि ड्रम यांच्या गलबल्यात त्याचा आवाज बुडून जाई. १९३०च्या दशकात अमेरिकेतील सिएटल शहराच्या पॉल टटमार्क यांनी गिटारसारखी आडवी धरून वाजवायची विद्युत बास बनवली होती. पण ती फारशी पसरली नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेली 'प्रिसिजन बास' मात्र जगभर गेली. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!

'प्रिसिजन' म्हणजे अचूक. डबल बासच्या दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे बोट जरा इकडेतिकडे पडले की स्वर बेसूर होतो. फेंडर यांनी दांडीवर पडदे बसवले आणि स्वर जागच्या जागी आणून ठेवले. तारेची मोकळी लांबी, म्हणजे दांडीच्या टोकाच्या अटीपासून घोडीपर्यंतचे अंतर, त्यांनी ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर घेतले. हे माप इतके रुळले की आजही बहुतेक बास गिटारी त्याच मापाच्या असतात. हात लहान असो वा मोठा, माप एकच. मापाने वाद्य करणाऱ्या कारागिराचे काम येथूनच सुरू होते.

लांबी, ताण आणि जाडी

तारेची कंप्रता तीन गोष्टींवर ठरते. तार लांब केली की कंप्रता कमी होते. लांबी दुप्पट, तर कंप्रता निम्मी. तार ताणली की कंप्रता वाढते, पण कंजूषपणे वाढते. कंप्रता दुप्पट करायची तर ताण चौपट करावा लागतो. आणि तार जड असली की कंप्रता कमी होते. तीही तशीच, म्हणजे कंप्रता निम्मी करण्यासाठी दर मीटरचे वजन चौपट हवे. हे नियम फ्रान्समधील मारँ मेर्सेन या धर्मगुरूने १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले.

आता हिशेब करू. ८६४ मिलिमीटर लांबीची तार ४१ हर्ट्‌झवर वाजवायची आहे आणि तिच्यावर सुमारे १८ किलोग्रॅम वजनाइतका ताण ठेवायचा आहे. याहून कमी ठेवला तर तार लोंबते आणि पडद्यांवर फटफट आपटते. फार वाढवला तर बोटे दुखतात. मग त्या तारेचे वजन मीटरला सुमारे ३५ ग्रॅम असावे लागते. एवढ्या वजनाची सरळ पोलादी तार घेतली तर ती जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड होईल. ती तार कसली, ती गजच! गज वाजवला की घंटेसारखा ठणठणतो. त्याचे वरचे संनादी स्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुपटी-तिपटीत येत नाहीत, आणि सूर गढूळ लागतो. म्हणून मध्ये बारीक पोलादी गाभा घेऊन त्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढते, पण लवचीकपणा टिकतो.

समजा, कारागिराकडे लहान हाताची एक मुलगी आली. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर नेहमीच्या बासवर सुमारे १३० मिलिमीटर असते. एका बोटाला एक पडदा अशी चार बोटे ठेवताना तिचा पंजा ताणला जातो आणि तासाभरात मनगट दुखू लागते. कारागीर म्हणतो, "लांबी ३० इंच करू." मग तेच अंतर सुमारे ११४ मिलिमीटर होते. पंधरा-सोळा मिलिमीटरची ही सवलत ऐकायला क्षुल्लक वाटते, पण हाताला विचारा! मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. लांबी ३४ वरून ३० इंचांवर आणली आणि तार तीच ठेवली, तर त्याच स्वरासाठी ताण सुमारे २२ टक्क्यांनी घटतो आणि तार सैल पडते. ताण पूर्वीइतका हवा असेल तर तार सव्वापटीहून थोडी जास्तच जड घ्यावी लागते. जड तार म्हणजे पुन्हा जाड तार, आणि जाड तारेचे वरचे स्वर मंद. म्हणून छोट्या बासचा आवाज थोडा गोल, बोथट असतो. काहींना तोच आवडतो. कारागिराने हे सारे आधी सांगायचे आणि मुलीने ठरवायचे.

सहा तारांचा हट्ट

गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्या ओढाताणीतून काय निघू शकते, याचे उत्तम उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडले. अँथनी जॅक्सन हे तेथले नावाजलेले बासवादक. त्यांचे म्हणणे असे, की बास गिटार ही गिटारच्या घराण्यातली आहे. तर मग तिला गिटारसारख्या सहा तारा का नसाव्यात? चार तारा हा केवळ डबल बासचा वारसा. १९७५ मध्ये त्यांनी कार्ल टॉम्सन या कारागिराकडून सहा तारांचे वाद्य करून घेतले. नेहमीच्या चार तारांच्या खाली ३१ हर्ट्‌झची एक तार आणि वर १३१ हर्ट्‌झची एक. जॅक्सन यांनी त्याला 'काँट्राबास गिटार' असे नाव दिले.

वाद्य झाले, पण मनासारखे झाले नाही. तारा फार जवळजवळ आल्या होत्या आणि बोटे शेजारच्या तारेला लागत. सहा तारा पुरेशा अंतरावर ठेवायच्या तर दांडी रुंद करायला हवी. दांडी रुंद केली की अंगठा मागे राहतो आणि बोटे पलीकडच्या तारेपर्यंत पोचत नाहीत. चार तारांच्या वाद्यावर कोणी विचारातही न घेतलेला हा प्रश्न होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केन स्मिथ यांनी त्यांच्यासाठी पुन्हा प्रयत्न केला. पुढे ब्रुकलिनमधील फोडेरा यांच्या कार्यशाळेत एकामागून एक वाद्ये झाली आणि तारेची लांबी ३६ इंचांवर गेली.

ही दोन इंच लांबी कशासाठी? मेर्सेनच्या नियमात उत्तर आहे. तार तीच आणि स्वर तोच ठेवून लांबी ३४ वरून ३६ इंच केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. ३१ हर्ट्‌झची ती लोळागोळा तार ताठ उभी राहते. पण वरच्या बारीक तारेचाही ताण तितकाच वाढतो, आणि तिला त्याची गरज नसते. यावर एक तोड आहे, ती म्हणजे जाड तारा लांब आणि बारीक तारा आखूड ठेवायच्या. मग पडदे समांतर राहत नाहीत, पंख्याच्या काड्यांसारखे पसरतात. अमेरिकेतील राल्फ नोव्हाक यांनी १९८९ मध्ये अशा पडद्यांचे पेटंट घेतले. तशी कल्पना जुनी. सोळाव्या शतकातल्या ऑर्फेरियन नावाच्या इंग्रजी वाद्यालाही तिरके पडदे असत. आज पाच-सहा तारांची बास कोणत्याही मोठ्या दुकानात टांगलेली दिसते.

पडद्यांचे गणित

पडदे नेमके कोठे बसवायचे? सप्तकात बारा स्वर, हे तुम्हाला पेटीवरून माहीत आहेच: सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र. एका सप्तकात कंप्रता दुप्पट होते. ही दुप्पट बारा सारख्या पायऱ्यांत वाटायची, म्हणजे अशी संख्या शोधायची की जिने बारा वेळा गुणले असता उत्तर २ येईल. ती संख्या १.०५९४६. यावरून कारागिरांचा सोपा नियम निघतो: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. ८६४ मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ४८.५ मिलिमीटरवर येतो, दुसरा त्यापुढे ४५.८ वर, तिसरा आणखी ४३.२ वर. अशी अंतरे आक्रसत जातात आणि बारावा पडदा बरोबर मध्यावर पडतो.

पूर्वी हा भागाकार १८ ने करत. हा १८ चा नियम १५८१ मध्ये विन्चेन्झो गॅलिली यांनी ल्यूट या तंतुवाद्यासाठी सांगितला होता. आडनाव ओळखीचे वाटले ना? दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह पाहणाऱ्या गॅलिलिओचे हे वडील! १८ ने भागले तर आपल्या बासवर बारावा पडदा मध्यापासून सुमारे ३ मिलिमीटर अलीकडे राहतो आणि स्वर किंचित उतरतो. मात्र तार पडद्यावर दाबताना ती थोडी ताणली जाऊन स्वर चढतो, त्यामुळे जुन्या वादकांचे या चुकीवाचून फारसे अडले नाही. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या.

ज्यांना आपल्या मिंडेसारखी सलग घसरणारी स्वररेषा हवी असते, ते पडदेच नको म्हणतात. मग कारागिराचे पडदे बसवण्याचे काम वाचते आणि वादकाचे कानाचे काम वाढते.

तोल

बास गिटार चार ते साडेचार किलोची असते आणि खांद्यावरच्या पट्ट्याला टांगून ती दोन-दोन तास वाजवायची असते. वजन तर आहेच, पण त्याहून त्रासदायक आहे तो बिघडलेला तोल. पुष्कळ बास अशा असतात की हात सोडला की दांडी जमिनीकडे झुकते.

तरफेचा नियम आठवा. पट्टा जेथे अडकवतात ती पुढची खुंटी हा टेकू धरू. वाद्याचे वजन ४.२ किलो आणि गुरुत्वमध्य टेकूच्या पुढे, दांडीच्या बाजूला ५ सेंटिमीटरवर आहे असे समजा. ४.२ गुणिले ५ म्हणजे २१. डावा हात टेकूपासून ४५ सेंटिमीटरवर दांडी धरतो, म्हणजे त्याला २१ भागिले ४५, सुमारे पावणेपाचशे ग्रॅम भार सतत उचलून धरावा लागतो. जी बोटे स्वर शोधायला मोकळी हवीत, ती हमाली करत राहतात. वर्षानुवर्षे हे चालले की मनगट आणि खांदा कुरकुरू लागतात. आणि ज्याचे पोट वाजवण्यावर आहे त्याला ही कुरकुर परवडत नाही.

उपाय काय? दांडीच्या टोकाच्या धातूच्या खुंट्या हलक्या घेतल्या आणि टेकूपासून ६० सेंटिमीटरवरचे १०० ग्रॅम कमी केले, तर २१ पैकी ६ वजा होतात. तेच काम मागच्या बाजूला २० सेंटिमीटरवर वजन लावून करायचे तर ३०० ग्रॅम लावावे लागेल. टोकाशी वाचवलेला एक ग्रॅम मागे लावलेल्या तीन ग्रॅमच्या बरोबरीचा. किंवा धडाचे पुढचे शिंग लांब करून टेकूच पुढे सरकवायचा. शिंगे दिसायला झोकदार म्हणून असतात असे आपल्याला वाटते. खरे तर ती तरफ आहे.

नेड स्टाइनबर्गर या अमेरिकन अभिकल्पकाने या प्रश्नाचे टोकाचे उत्तर काढले. ते मूळचे फर्निचरचे अभिकल्पक. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दांडीचे डोकेच उडवून टाकले आणि तार ताणण्याच्या खुंट्या घोडीजवळ, धडाच्या शेवटी नेल्या. डोके नाही, तर झुकण्याचे कारणच नाही! दिसायला ते वाद्य वल्ह्यासारखे होते आणि पुष्कळांनी नाके मुरडली. पण ज्यांनी ते गळ्यात घातले त्यांना त्याचा अर्थ लगेच कळला.

दांडी आणि मुका स्वर

चार तारांचा ताण एकत्र केला तर दांडीवर सुमारे ८० किलो वजनाइतकी ओढ पडते. एक चांगला धट्टाकट्टा माणूस चोवीस तास लोंबकळत आहे असे समजा. दांडी धनुष्यासारखी वाकू पाहते. म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई घालतात आणि टोकाचा नट फिरवून उलट दिशेचा ताण देतात. दांडी अगदी सरळही करायची नसते. कंप पावणारी तार मध्ये जास्त फुगते, तेव्हा तिला जागा मिळावी म्हणून मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाइतका बाक मुद्दाम ठेवतात. लाकूड हवेतले पाणी शोषते आणि सोडते, त्यामुळे हा बाक ऋतूबरोबर बदलतो. कोरड्या मुलखात केलेले वाद्य आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात आणले तर तो नट पुन्हा फिरवावा लागणार, हे ठरलेले. म्हणून कारागीर हे लाकूड नीट मुरवून, वाळवून मगच कापतो.

पण दांडीचा सर्वांत चमत्कारिक दोष वेगळाच आहे. पुष्कळ बास गिटारींवर, बहुधा सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, एक स्वर मुका निघतो. शेजारचे स्वर पाच-सात सेकंद रेंगाळतात आणि हा मात्र एक-दोन सेकंदांतच विरतो. वादक म्हणतो, तार खराब. नवी तार घातली तरी तेच.

कारण असे: दांडीलाही स्वतःची अशी एक कंप्रता असते, जशी पाळण्याला झोक्याची असते. तारेचा स्वर नेमका त्या कंप्रतेच्या जवळ आला की अनुस्पंदन होते. तार दांडीला हलवू लागते आणि तारेची ऊर्जा भराभर दांडीत वाहून जाते. सतारीत तारेची ऊर्जा भोपळ्यात आणि तबलीत जाते ती आपल्याला हवीच असते, कारण तोच आवाज. भरीव विद्युत गिटारीत मात्र दांडीत गेलेली ऊर्जा वाया गेली, कारण आवाज तारेवरून उचलायचा असतो.

दुकानातल्या वाद्यात हा दोष निघाला तर दुसरे वाद्य घ्यायचे. मापाने केलेल्या वाद्यात निघाला तर? गिऱ्हाईक अनेक महिने थांबलेले, पैसे भरलेले, आणि त्याच्या आवडत्या रागिणीचा मुख्य स्वरच मुका! येथे कारागिराची परीक्षा होते. एक साधा प्रयोग ते करतात. दांडीच्या टोकाला एक छोटा वजनदार चिमटा लावतात. वजन वाढले की दांडीची कंप्रता खाली येते आणि मुका स्वर दुसऱ्या पडद्याकडे सरकतो. सरकला, म्हणजे निदान बरोबर. दोष साफ नाहीसा होत नाही. तो दोन पडद्यांच्या मधल्या जागेत किंवा क्वचित वाजणाऱ्या स्वरावर ढकलायचा, एवढेच हाती असते. दांडी अधिक ताठ केली तर तो वर सरकतो. यासाठी पुष्कळ कारागीर लाकडाच्या पोटात कार्बन तंतूंच्या पट्ट्या बसवतात. कॅलिफोर्नियात अलेंबिक नावाची कार्यशाळा आहे. तिने १९७२ मध्ये जॅक कॅसेडी या वादकासाठी आपली पहिली बास बनवली आणि मागणीबरहुकूम वाद्ये करण्यात नाव मिळवले. अवकाश उद्योगात काम करणारे जेफ गूल्ड १९७०च्या दशकात तेथे गेले आणि त्यांच्या प्रयत्नांतून कार्बन तंतूंची दांडी बास गिटारीला लागली. कृत्रिम उपग्रहांसाठी वापरायचे ते साहित्य असे खर्जाच्या कामी आले.

तारेचा आवाज उचलणारे कान

भरीव लाकडाची गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तिचा आवाज 'पिकप' उचलतो. पिकप म्हणजे कायम चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तार चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत दाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तार सेकंदाला ४१ वेळा हलली की विद्युत दाबही तितक्याच वेळा मागेपुढे होतो. तो वर्धकाकडे जातो आणि तेथून कर्ण्याकडे.

मात्र हे वेढे घरातल्या विजेच्या तारांचे क्षेत्रही तितक्याच इमानाने उचलतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, अमेरिकेतली ६० ची. म्हणजे ही गुणगुण नेमकी बासच्याच प्रांतात येते! त्यावरचा उपाय हुशारीचा आहे. दोन वेटोळी घ्यायची, त्यांची चुंबके उलटसुलट ठेवायची आणि वेढेही उलट दिशांनी द्यायचे. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध होऊन एकमेकींना मारते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलट होऊन जुळतो. फेंडर यांनी १९५७ पासून प्रिसिजन बासवर असाच दोन तुकड्यांचा पिकप बसवला. एक तुकडा दोन तारांना, दुसरा उरलेल्या दोन तारांना.

पिकप कोठे बसवायचा, हा मापाने वाद्य करणाऱ्याचा आवडता प्रश्न. तार एकाच वेळी अनेक प्रकारांनी हलते: पूर्ण लांबीने, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत. मोकळ्या तारेच्या एक-चतुर्थांशावर पिकप ठेवला तर चार भागांतले कंपन त्याला ऐकूच येत नाही, कारण तेथे ते कंपन स्थिर असते. घोडीजवळ सरकवला तर वरचे संनादी स्वर जास्त येतात आणि आवाज धारदार होतो. दांडीकडे नेला तर मूळ स्वर भरतो आणि आवाज गोल होतो. गिऱ्हाईक येऊन सांगते, "आवाज गुरगुरता हवा, पण गढूळ नको." कारागिराने या शब्दांचे मिलिमीटर करायचे! म्हणूनच चांगला कारागीर आधी गिऱ्हाइकाला त्याचे जुने वाद्य वाजवायला लावतो आणि त्याची बोटे तार कोठे छेडतात ते पाहतो. बोट घोडीजवळ छेडत असेल, तर धार हातातच आहे. पिकपने ती आणखी वाढवायची गरज नाही.

धडाच्या लाकडाबद्दल मात्र जपून बोलावे लागते. अमुक लाकडाचा आवाज उबदार, तमुक लाकडाचा चमकदार असे पुष्कळ सांगतात, आणि त्यानुसार दामही घेतात. भरीव विद्युत गिटारीत पिकप फक्त तारेचे हलणे पाहतो, तेव्हा धडाच्या लाकडाचा परिणाम तार, पिकप आणि वादकाचे हात यांच्यापुढे फारच थोडा असणार, असे मला वाटते. वजन आणि देखणेपण यांसाठी लाकूड निवडावे हे उत्तम. आवाजासाठी ज्यादा पैसे देण्यापूर्वी डोळे झाकून दोन वाद्ये ऐकावीत.

तुमच्या शाळेत किंवा शेजारी कोणाकडे साधी किंवा बास, कोणतीही गिटार असेल, तर मोजपट्टी घेऊन जा. अटीपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि बाराव्या पडद्यापासून घोडीवर तार टेकते त्या बिंदूपर्यंत मोजा. दोन्ही अंतरे सारखी यायला हवीत. ती येणार नाहीत! घोडीकडचे अंतर एक-दोन मिलिमीटरने, जाड तारेचे तर आणखी जास्त निघेल. दाबलेली तार ताणली जाऊन स्वर चढतो, आणि जाड तार ताठ असल्याने जास्तच चढतो. ती चढण उतरवण्यासाठी घोडी मागे सरकवलेली असते. विद्युत बासच्या घोडीवर प्रत्येक तारेला वेगळा स्क्रू असतो तो याचसाठी. हे अंतर कागदावर आधी नेमके काढता येत नाही. तारा चढवून, बाराव्या पडद्यावर बोट हलके टेकवून एकदा आणि दाबून एकदा वाजवायचे, आणि दोन्ही स्वर एक होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे. सारे गणित झाल्यावर कारागिराचे हे शेवटचे काम, आणि ते तो गिऱ्हाइकाला समोर बसवून करतो, कारण तार किती जोराने दाबायची हे ज्याचे त्याचे बोट ठरवते.